गुग्गुळाची वंशखूण

उज्जैनच्या मराठी घरांतून धुपाटण्यात गुग्गुळ पडतो. वैद्याच्या योगराज गुग्गुळातही तोच असतो. परंतु ज्या झाडाचा हा डिंक, ते झाड आज संकटात आहे.

हे काटेरी झुडूप राजस्थानात, कच्छात व आपल्या मध्य प्रदेशात चंबळेच्या घळींत वाढते. आपली क्षिप्रा त्याच चंबळेस मिळते. सालीस चिरा देऊन डिंक काढतात. लोभाने फार चिरा दिल्या की झुडूप वाळून मरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली आहे.

मग फांद्या लावून झाडे वाढवावीत, असे कोणी म्हणेल. पण एका झाडाच्या हजार फांद्या लावल्या, तरी वंशाने झाड एकच! गुग्गुळाचे बीही पुष्कळदा परागावाचून धरते व मातृवृक्षाची हुबेहूब प्रत निपजते. अशा एकसारखेपणात धोका असतो. 1845 साली आयर्लंडात बटाट्यावर रोग आला. बहुतेक गरीब शेतकऱ्यांकडे एकाच जातीचे बियाणे असल्याने पीक नासले व भीषण दुष्काळ पडला.

तेव्हा रानात वेगवेगळे वंश किती उरले, हे आधी कळले पाहिजे. बाहेरून झुडपे सारखीच दिसतात. म्हणून शास्त्रज्ञ वंशखुणा शोधतात. प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा चार अक्षरांत लिहिलेला लेख असतो. त्यात काही ठिकाणी दोन-तीन अक्षरे जपाप्रमाणे पुनःपुन्हा येतात. एका झाडात ती 12 वेळा, तर दुसऱ्यात 17 वेळा येतील. हीच खूण होय.

खूण तयार करण्याची रीत अशी: पाने वाळवून त्यांतील डी.एन.ए. वेगळा करावयाचा, अशा पुनरावृत्तीच्या जागा हुडकावयाच्या आणि तिच्या दोन्ही कडांस चिकटणारे छोटे तुकडे बनवावयाचे. 1983 साली कॅरी मुलिस यांस सुचलेल्या पद्धतीने तेवढाच भाग लाखो पटींनी वाढवून त्याची लांबी मोजतात. जी खूण सर्व झाडांत सारखी, ती निरुपयोगी. जी बदलते, ती ठेवावयाची. अशा अनेक जागांचे आकडे तंतोतंत जुळले, तर ती झाडे एकाच वंशाची समजावीत.

आम्हांस यातून एक व्यवहारी बोध दिसतो. गुग्गुळ लावावयाचा, तर रोपे एकाच झाडाची न घेता दूरदूरच्या ठिकाणांहून घ्यावीत. वृक्षारोपणात संख्येइतकेच वैविध्यही मोजावे; तरच नातवंडांच्या धुपाटण्यात खरा गुग्गुळ पडेल.