लाकडी फुलांचे गाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी आयोवा नावाचे राज्य आहे. तेथे दृष्टी पोचेल तिथवर मक्याची व सोयाबीनची शेते पसरलेली दिसतात. ह्या शेतांच्या मधोमध पेल्ला नावाचे एक टुमदार गाव वसले आहे. २००० साली ह्या गावाची लोकसंख्या ९,८३२ होती. २०२० च्या शिरगणतीत ती १०,४६४ भरली. मोठ्या शहरांपुढे हा आकडा लहान खरा. पण त्या राज्यातील कित्येक खेड्यांतून माणसे निघून जात असता हे गाव मात्र हळूहळू वाढत आहे. मुलांनो, असे का व्हावे? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला पावणेदोनशे वर्षे मागे जायला हवे.

त्या काळी हॉलंड देशात सरकारमान्य चर्चपासून वेगळे होऊन उपासना करणाऱ्यांना दंड भरावा लागे. कोणाला तुरुंगही पाहावा लागे. त्यातच १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि गरिबांच्या तोंडचा घास गेला. तेव्हा हेन्ड्रिक शोल्टे ह्या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली सुमारे आठशे माणसांनी मायदेशाचा निरोप घेतला. समुद्र ओलांडून १८४७ च्या उन्हाळ्यात ती आयोवाच्या गवताळ माळावर येऊन पोचली. आपल्या नव्या गावाला त्यांनी पेल्ला हे नाव दिले. प्राचीन काळी ह्याच नावाच्या एका नगराने संकटात सापडलेल्या ख्रिस्ती लोकांना आश्रय दिला होता, असे परंपरा सांगते.

नाव आश्रयाचे, पण डोक्यावर छप्पर कोठे होते? कित्येक कुटुंबांनी जमिनीत खड्डे खणले, त्यांवर गवत शाकारले आणि तशा घरांत दिवस काढले. शोल्टेबाईंनी हॉलंडहून निळ्या नक्षीची चिनी मातीची भांडी मोठ्या हौसेने आणली होती. पेटारे उघडून पाहतात तो बहुतेक भांड्यांचे तुकडे झालेले! बाईंनी ते तुकडे फेकून दिले नाहीत. त्यांची अंगणात पायवाट केली, असे सांगतात.

पुढे १९३५ साली गावातील शाळेच्या मुलांनी ट्यूलिप फुलांच्या उत्सवावर एक संगीतिका सादर केली. ती पाहून गावकऱ्यांच्या मनात आले, 'असा उत्सव आपण खरोखरच का करू नये?' उत्सव ठरला. पण गावात पुरेशी ट्यूलिपे होती कोठे? ट्यूलिपचा कंद शरद ऋतूत जमिनीत पुरावा लागतो. हिवाळ्यातील कडक थंडी त्याने सोसली, म्हणजे मगच वसंतात त्याला फूल येते. वसंत तर दाराशी येऊन ठेपला होता. तेव्हा एका सुताराने लाकडाची मोठमोठी ट्यूलिपे घडवली आणि त्यांनीच गाव सजले! मात्र गावकऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. त्याच वर्षीच्या शरदात त्यांनी हजारो कंद पुरले, आणि पुढच्या वसंतात गाव खऱ्या फुलांनी बहरून गेले.

हा उत्सव दर वर्षी मे महिन्याच्या आरंभी भरतो. मिरवणूक निघण्यापूर्वी नगराध्यक्षाच्या वेषातील गृहस्थ रस्त्याची पाहणी करतात आणि 'रस्ता अस्वच्छ आहे!' असा निवाडा देतात. लागलीच डच पोशाख केलेले लहानथोर बादल्या व झाडू घेऊन पुढे सरसावतात आणि पायांतील लाकडी पादत्राणे खटखट वाजवीत सारा रस्ता धुऊन काढतात. आजोबा व नातू एकाच रस्त्यावर झाडू चालवीत असतात. मग त्या स्वच्छ रस्त्यावरून मिरवणूक जाते.

परंतु केवळ उत्सवाने पोट भरत नाही. १९२६ साली येथे खिडक्यांना लावण्याच्या, गुंडाळता येणाऱ्या जाळ्यांचा कारखाना आला. १९४८ साली गॅरी व्हर्मीर ह्या शेतकऱ्याने शेतीची अवजारे बनवण्याचा कारखाना काढला. गवताचे प्रचंड गोल गठ्ठे बांधणारे त्याचे यंत्र १९७१ साली निघाले. त्यामुळे अनेकांचे काम एकटा मनुष्य करू लागला. गावातच काम मिळू लागल्याने तरुणांना दूर जाण्याचे कारण उरले नाही.

१९ जुलै २०१८ रोजी ह्या गावाची परीक्षा झाली. भर दिवसा चक्री वादळ व्हर्मीरच्या कारखान्यावर येऊन आदळले. भिंती कोसळल्या, मोटारी उलथल्या. परंतु इशारा मिळताच कामगार व पाहुणे आसऱ्याच्या जागी गेले होते. काही जण जखमी झाले. पण एकही जीव गेला नाही. थोड्याच दिवसांत उरलेल्या इमारतींत यंत्रे पुन्हा फिरू लागली. पुढे २०२० साली साथीच्या रोगामुळे उत्सव रद्द करावा लागला. तरी आदल्या शरदात पुरलेले कंद वेळेवर फुललेच.

आज पेल्लात येणारे प्रत्येक कुटुंब हॉलंडच्या वंशाचे नसते. कोणी कामासाठी येते, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी. एके काळी ह्या गावाचे पूर्वजही असेच परके होते, आणि त्यांना आश्रय हवा होता. नव्याने येणाऱ्याच्या हाती गाव जोवर आपलेपणाने झाडू देईल, तोवरच 'पेल्ला' हे नाव सार्थ ठरेल. घरे वाढली म्हणजे वस्ती वाढते. गाव वाढते ते माणसे एकमेकांची झाली म्हणजे.

अभ्यास

१. गावाला 'पेल्ला' हे नाव का दिले?
२. पहिल्या उत्सवात लाकडी फुले का वापरावी लागली?
३. 'घरे वाढली म्हणजे वस्ती वाढते. गाव वाढते ते माणसे एकमेकांची झाली म्हणजे,' ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : तोंडचा घास जाणे, येऊन ठेपणे, समाधान मानणे.