कोन सेट : किती आवळायचा?

जुनी बाईक विकत घ्यायची आणि ती नव्यासारखी उभी करायची, हे वेड प्रत्येक बॅचमध्ये दोन-चार जणांना लागतंच. कोणाला एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० हवी असते (म्हणजे आपली आरडी, १९८३ साली भारतात आली ती), कोणाला पहिली करिझ्मा, तर कोणाला २००८ची आर-फिफ्टीन. मग बोअर किती, पोर्टिंग कसं, कार्ब्युरेटरचा जेट कितीचा यावर मेसमध्ये तासन् तास चर्चा झडतात. हँडलच्या खाली लपलेल्या कोन सेटबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते, ढकलत आणता येते. कोन सेट बिघडला तर गाडी चालूच राहते, फक्त तुम्ही म्हणाल तिकडे जात नाही. म्हणून हा लेख.

आधी रचना बघू. चेसिसच्या पुढच्या टोकाला एक आडवट कललेला पाईप असतो, तो हेड पाईप. त्याच्या वर आणि खाली एकेक बेअरिंग. त्यातून टीचा दांडा जातो आणि त्या टीमध्ये दोन्ही शॉकअप धरलेले असतात. जुन्या गाड्यांत ही बेअरिंग म्हणजे वाटी, कोन आणि मध्ये सुटे छर्रे. मोठ्या स्पोर्ट बाईकवर अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग किंवा टेपर रोलर असतं. प्रकार कुठलाही असो, दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि वरचा रिंग नट त्यांना दाबून धरतो. हा दाब म्हणजे प्रीलोड. मशीन डिझाईनच्या ओरलला आपण ही व्याख्या घडाघडा म्हणतो, तीच इथे पान्याच्या टोकाला येते.

या बेअरिंगवर भार किती येतो याचं गणित फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं आहे. समजा पुढचा ब्रेक दाबला आणि टायरपाशी १००० न्यूटन बल मागे ढकलायला लागलं. टायरच्या टेकण्यापासून खालच्या बेअरिंगपर्यंत ढोबळमानाने ७०० मिमी धरा आणि दोन बेअरिंगमधलं अंतर १८० मिमी. खालच्या बेअरिंगभोवती मोमेंट घ्या : वरच्यावर सुमारे ३९०० न्यूटन, खालच्यावर सुमारे ४९००. म्हणजे वरच्या बेअरिंगवर चारशे किलोचा धक्का आणि खालच्यावर पाचशेचा. तोही प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला. शिवाय हे बेअरिंग कधी पूर्ण फिरत नाही. हायवेवर हँडल जेमतेम दोन-तीन अंश हलतं. त्यामुळे छर्रे एकाच जागी ठोके खातात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि वाटीत खाचा पडतात. हँडल हळूच मधून नेताना ‘टक्’ करून सरळ जागी अडकतं ना, ती हीच खाच. ती आवळून जात नाही. सेट बदलायचा, विषय संपला.

आता मुख्य मुद्दा. ढिला कोन सेट सगळ्यांना कळतो, कारण तो आवाज करतो. ब्रेक मारला की ‘खट्’. वेगात हँडल थरथरायला लागतं; या थरथरीची फ्रिक्वेन्सी साधारण ६ ते १० हर्ट्झ असते, म्हणजे हाताने सावरायचं म्हटलं तरी हात तेवढ्या वेगाने हलत नाहीत. घट्ट कोन सेट मात्र आवाज करत नाही, उलट बरा वाटतो. आमच्या हॉस्टेलमधल्या एकाची आरडी रंगवून, कोन सेट बदलून गॅरेजमधून परत आली. हँडल म्हणे एकदम टाईट, नव्या गाडीसारखं. कँपसमधल्या रस्त्यावर वीसच्या स्पीडला गाडी दारू प्यायल्यासारखी डावी-उजवी करत होती. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला मागे बसवून ताम्हिणी घाट उतरायचा बेत होता. आम्ही टँकवर चादर टाकून रात्रीच पुढचा भाग उघडला.

गाडी सरळ जाते ती पुढचं चाक सतत स्वतःहून बारीक-बारीक वळत राहतं म्हणून. गाडी डावीकडे झुकली की चाक थोडं डावीकडे वळतं आणि गाडीला सावरतं. बेअरिंग जास्त आवळलं तर या बारीक हालचालीला घर्षण आडवं येतं. चाक आधी वळत नाही, मग एकदम वळतं. स्वार ते दुरुस्त करतो, तेही उशिरा. वळणात तर गाडी लाईन धरतच नाही. हँडल थरथरतंय म्हणून कोन सेट आवळून टाकणारे मेकॅनिक खूप आहेत. थरथर दबते, पण टायर, व्हील बॅलन्स, स्विंगआर्मचा बुश यातलं खरं कारण तसंच राहतं.

त्या आरडीत सापडलं ते असं : पावडर कोटिंग करताना हेड पाईपचं तोंड झाकलं नव्हतं. वाटी रंगाच्या थरावर बसवलेली. असा थर पुढे दबतो, वाटी खाली सरकते आणि आज घट्ट असलेला सेट महिन्याभरात ढिला होतो. तेव्हा रीबिल्ड करणाऱ्यांनो, वाटी बसायची जागा धातू दिसेपर्यंत साफ करा. वाटी हातोडीने तिरकी ठोकू नका. लांब स्टड, दोन जाड वॉशर आणि दोन नट घेऊन सरळ ओढून बसवा. त्याआधी वाटी तासभर डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर काम सोपं होतं (मेसच्या काकांना विचारून). नव्या वाटीत जुने छर्रे चालत नाहीत. उघडताना छर्रे मोजून ठेवा, वरचे आणि खालचे वेगळे, कारण बऱ्याच गाड्यांत त्यांचे आकार वेगवेगळे असतात.

आवळण्याचा क्रम आता नीट वाचा. रिंग नट आधी मुद्दाम जास्त आवळायचा. मोठ्या स्पोर्ट बाईकला हा आकडा साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो, आपल्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. याने वाट्या आणि कोन जागी बसतात, जादा ग्रीस बाहेर येतं. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा. नट पूर्ण सैल करा आणि पुन्हा शेवटच्या टॉर्कला आवळा. हा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. सुट्या छर्‍यांच्या जुन्या गाडीला आकडा मिळाला नाही तर खेळ जाईपर्यंत आवळून मग थोडं-थोडं सोडत अंदाज घ्यायचा. नटाच्या आट्यांचा पिच १ मिमी धरला तर आठवा हिस्सा फिरवणं म्हणजे ०.१२५ मिमी. छिन्नी-हातोडीने रिंग नट फिरवणाऱ्याला इतकं बारीक कसं जमणार?

म्हणून हूक पाना आणि टॉर्क रेंच. इथे एक गंमत आहे. हूक पाना टॉर्क रेंचला काटकोनात लावला तर रेंचवरचं रीडिंग हाच नटावरचा टॉर्क. पण दोन्ही एका रेषेत लावले तर दांडा लांब होतो. रेंच ३०० मिमी आणि पाना ७५ मिमी असेल तर २०च्या रीडिंगला नटावर २० × ३७५ ÷ ३०० = २५ न्यूटन-मीटर पडतात. चूक पंचवीस टक्के, आणि रेंच मात्र ‘टिक्’ करून शाबासकी देतो.

यानंतर वरची प्लेट आणि मोठा स्टेम नट. बहुतेकांचं इथेच बिघडतं. हा नट आवळला की प्लेट खाली दबते, रिंग नटाच्या आट्यांमधला खेळ निघतो आणि प्रीलोड आपोआप वाढतो. त्यातून वरच्या प्लेटचे शॉकअप धरणारे बोल्ट आधीच आवळलेले असतील तर प्लेट शॉकअपलाच अडकते आणि नीट खाली बसत नाही. तेव्हा ते बोल्ट सैल ठेवा, स्टेम नट पूर्ण टॉर्कला आवळा, मगच ते बोल्ट. आणि यानंतर हँडल पुन्हा तपासा. जड वाटलं तर सगळं सोडून रिंग नटापासून परत. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

तपासताना पुढचं चाक हवेत हवं आणि टेकू इंजिनखाली किंवा फ्रेमखाली, शॉकअपला नाही. क्लच आणि थ्रॉटलच्या केबल ओढत नाहीत ना बघा. हँडल सरळ ठेवून टोकाला एका बोटाने टिचकी द्या. ते स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता टोकापर्यंत गेलं पाहिजे, दोन्हीकडे सारखंच. मग शॉकअपचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा, आणि मित्राला हेड पाईप आणि टी यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. सांध्यात हालचाल लागली तर कोन सेट ढिला. सांधा स्थिर आणि तरी ‘खट्’ होत असेल तर शॉकअपचे बुश बघा. मॅन्युअलमध्ये प्रीलोड किलोत दिला असेल तर फिजिक्स लॅबमधला स्प्रिंगकाटा उपयोगी पडतो : तो शॉकअपला आडवा अडकवून ओढायचा आणि हँडल हलायला लागतं त्या क्षणाचं वजन वाचायचं.

आरडीच्या वाट्या रात्री एकला बाहेर काढल्या, रंग खरवडला, आणि नट चौथ्या वेळी मनासारखा लागला. ताम्हिणीचा बेत एक दिवस पुढे गेला. नवा सेट पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये थोडा बसतोच, त्यामुळे परत आल्यावर टिचकीची परीक्षा पुन्हा घेतली आणि रिंग नट किंचित आवळावा लागला.