जन्मदिवसाचं अव्वल गाणं

प्रश्न : माझा जन्म १२ ऑगस्ट १९७३चा. त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर कोणतं गाणं होतं?

उत्तर : आपल्याकडे तेव्हा रोजची क्रमवारी नव्हतीच. रेडिओ सिलोनवर अमीन सायानी दर बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ सादर करत. रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती पाहून क्रम ठरे. तुम्ही जन्मलात रविवारी, म्हणजे ८ ऑगस्टची यादी धरायची. त्या आठवड्याचं पहिलं गाणं खात्रीने सांगता येत नाही; पण त्या वर्षीच्या वार्षिक यादीत अव्वल ठरलं ‘जंजीर’मधलं, प्राणवर चित्रित झालेलं मन्ना डेंचं दोस्तीचं गाणं. मराठीत ‘आपली आवड’ हा रेडिओ कार्यक्रम होता; तिथे फर्माईश चाले, क्रमांक नसत. जन्मतारीख टाकताच संकेतस्थळं दाखवतात ते ‘नंबर एक’ गाणं बहुधा अमेरिकी किंवा ब्रिटिश यादीतलं असतं. ते आपलं मानू नका.