वाटाण्याएवढा लेप

संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता त्यावर बसवलेला धातूचा हीटसिंक ओढून घेतो. दोन्ही पृष्ठभाग सपाट भासतात. प्रत्यक्षात त्यांवर असंख्य सूक्ष्म खाचखळगे असतात व त्यांत हवा दडलेली असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची अवघी ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्व्हिन! ही हवा हुसकावण्यासाठी थर्मल पेस्टचा लेप देतात.

लेप जितका जाड तितका गारवा अधिक, असा नवशिक्यांचा समज असतो. वस्तुतः हा लेप हवेहून सरस असला, तरी तांब्यापुढे फारच उणा. त्याचे काम खळगे भरण्याचे. जाड थर उष्णतेची वाट अडवतो. दाबाने जादा लेप बहुधा कडेने बाहेर पडतो, म्हणून थोडे अधिक झाल्यास फारसे बिघडत नाही. मात्र लेप विद्युतवाहक असेल, तर तो ओघळून शॉर्टसर्किट होऊ शकते. कमी पडल्यास कोरड्या जागी हवा उरते आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग घटवतो.

डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रोसेसरला मध्यभागी लहान वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले, की तो आपोआप पसरतो. हीटसिंक पुन्हा उचलल्यास जुना लेप पुसून नवा द्यावा लागतो.