मनाचे दुखणे आणि आपली घरे

ताप आला की आपण थर्मामीटर शोधतो. मन आजारी पडले की मात्र 'जरा मन रमव' एवढाच सल्ला मिळतो. आमच्या एमबीबीएसच्या काळी सायकियाट्रीची पोस्टिंग जेमतेम दोन आठवड्यांची, तीही पुष्कळजण बुडवत! पण डिप्रेशन म्हणजे नैराश्य हा आजारच आहे, आणि वयानुसार त्याची लक्षणे बदलतात.

बाळंतपणानंतर सुरुवातीला रडू येणे स्वाभाविक. दोन आठवड्यांनंतरही ते थांबले नाही, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना सांगावे. डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या आजींनी याकडेही लक्ष ठेवावे.

मुलांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड अधिक दिसते. वार्षिक तपासणीत डॉक्टर मुलाशी एकांतात बोलू पाहतात, तेव्हा आईवडिलांनी निमूट बाहेर बसावे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मूल बोलते होते. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा क्रमांक चोवीस तास मदतीसाठी आहे.

मला अधिक काळजी वाटते ती ग्रीन कार्डावर इकडे आलेल्या आईवडिलांची. गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्याशी बोलणे नाही, मुले-सुना संध्याकाळी सहाला घरी. हे लोक 'मी उदास आहे' असे कधीच म्हणत नाहीत. भूक नाही, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही, अशाच तक्रारी असतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. विसराळूपणा वाढला की घरचे डिमेन्शिया ठरवून मोकळे होतात. तो डिप्रेशननेही येतो. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकते. कानाने कमी ऐकू येत असेल तर माणूस गप्पांतून आपोआप बाजूला पडतो.

भारतातून आणलेल्या झोपेच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. त्यांनी म्हातारी माणसे पडतात, विसरभोळेपणा वाढतो आणि सवयही लागते. डिप्रेशनच्या नेहमीच्या औषधांचे तसे व्यसन लागत नाही, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. ती मध्येच आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक. डॉक्टरकडे नातवाला दुभाष्या म्हणून नेऊ नका. आजोबा त्याच्यादेखत काही सांगणार नाहीत. इथल्या हॉस्पिटलांत मागितल्यास दुभाष्या मोफत मिळतो, बहुधा फोनवर. अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी' असे नोंदवून ठेवावे.