नावातच सगळं : सिनेमाच्या फाइलचं नाव कसं वाचायचं?



नागपुरात चित्रित झालेला 'झुंड' ४ मार्च २०२२ ला प्रदर्शित झाला. आता थिएटरात रिळांचे डबे येत नाहीत, डिजिटल सिनेमा पॅकेज म्हणजे डीसीपी येतं. एकाच सिनेमाची अनेक पॅकेजं असतात. ऑपरेटरला योग्य ते नावावरूनच ओळखता यावं, म्हणून नावाचा क्रम ठरलेला आहे.

सरावासाठी आपण बनवलेलं छोटं नाव पाहू (खरं नाव इंग्रजी अक्षरांत आणि याहून लांब असतं) :

झुंड_एफटीआर_एस_एचआय-ईएन_आयएन_५१_२के_२०२२०३०४_ओव्ही

• एफटीआर : मुख्य चित्रपट. ट्रेलरला टीएलआर.
• एस : स्कोप, म्हणजे जास्त रुंद चित्र. एफ म्हणजे फ्लॅट.
• एचआय-ईएन : संवाद हिंदी, सबटायटल इंग्रजी. मराठीला एमआर, सबटायटल नसतील तर एक्सएक्स.
• आयएन : भारत. ५१ : ५.१ ध्वनी. २के : चित्राची स्पष्टता.
• तारीख : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे तारखेआधीचं नाव सारखं असलेल्या फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.
• ओव्ही : मूळ प्रत. व्हीएफमध्ये फक्त बदललेला भाग असतो. मूळ प्रतीशिवाय ती चालत नाही.

एक्सएक्सची प्रत चुकून लागली, तर सबटायटल वाचूनच सिनेमा समजून घेणाऱ्या कर्णबधिर मुलाचा अख्खा खेळ वाया जातो. दोन अक्षरांचं महत्त्व एवढं!

कृती : मुलांच्या फाइली 'फायनल', 'नवीन फायनल' अशा असतात ना? वर्गात मिळून क्रम ठरवा : इयत्ता_विषय_हजेरी क्रमांक_तारीख. मग एकमेकांच्या फाइली न उघडता ओळखायला सांगा. जिथे अडेल, तिथे नाव सुधारा.