चोकराचा तोबरा

मूर्तिजापुरात टांग्याचे दिवस सरले. आता घोडी पाळायची ती वरातीसाठी, आणि वरातीच्या घोडीच्या अंगावर तुकतुकी हवी. त्यासाठी चोकर घालायची आमच्याकडे जुनी रीत. गव्हाचा चोकर स्वस्त मिळतो, भिजवला की घोडी तोबरा चाटूनपुसून खाते, पोट साफ राहतं असं म्हणतात. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून रातीब ठरलेला: दिवसाला तीन किलो चोकर, दोन किलो हरभरा आणि पुढ्यात ज्वारीचा कडबा.

एका लग्नसराईत घोडी पाय आखडू लागली. कधी पुढचा डावा धरी, चार दिवसांनी मागचा उजवा. सगळ्यांचा संशय नालावर. नालबंद चाचांनी चारही नाल काढले, खूर ठोकून पाहिले आणि म्हणाले, "खुरात काई नाई भाऊ. जबडा पाहा तिचा." गालफडाचं हाड दोन्ही बाजूंनी फुगलं होतं. कडबाही ती अर्धवट चघळून टाकत होती.

रक्त तपासलं, तर कॅल्शियम अगदी ठीक. इथेच बहुतेक जण निर्धास्त होतात. पण रक्तात कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर ते हाडातून काढतं आणि रक्ताची भरती करतं. रिपोर्ट स्वच्छ, हाड पोकळ. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि रोजचा रातीब वजन करून लिहून आणायला सांगितला.

त्या कागदावर सगळं उघड झालं. चारशे किलोच्या, कामाला न जुंपलेल्या घोडीला दिवसाला सुमारे 16 ग्रॅम कॅल्शियम आणि 11 ग्रॅम फॉस्फरस लागतं. म्हणजे कॅल्शियमचं पारडं नेहमी जड हवं, दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. चोकराचं नेमकं उलट. त्यात कॅल्शियमच्या आठ-नऊ पट फॉस्फरस. तीन किलो चोकरातूनच तीसेक ग्रॅम फॉस्फरस पोटात जात होतं, आणि त्यासोबत कॅल्शियम जेमतेम चार ग्रॅम. हरभऱ्याचा कलही फॉस्फरसकडेच. जास्तीचं फॉस्फरस कॅल्शियम अंगी लागू देत नाही. युरोपात हा आजार गिरणीवाल्यांच्या घोड्यांचा म्हणून ओळखला जाई, कारण गिरणीत कोंडा फुकट. आपल्याकडे तो लाडाने घातला जातो, एवढाच फरक.

हाडाचं दुखणं म्हटलं की कृषी केंद्रातून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, आणायची घाई होते. डीसीपीत कॅल्शियमसोबत 18 टक्के फॉस्फरसही असतं. चोकर खाणाऱ्या घोडीला ते देणं म्हणजे आगीत तेल. तिला लागते ती पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडीची पावडर. त्यात फॉस्फरस नसल्यासारखंच. मात्रा डॉक्टरांकडून रातीब दाखवून ठरवा. पानाला लावायचा चुना मात्र चुकूनही नको, तोंड भाजेल. आणि पावडरीच्या आधी चोकर कमी करा. आम्ही तो मूठभरावर आणला, हरभरा निम्मा केला आणि कडब्याला हरभऱ्याच्या कुटाराची, लसूणघासाची जोड दिली. द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असतं. लसूणघासात तर फॉस्फरसच्या पाच-सहा पट.

हिरवा चारा हवा म्हणून कुणी संकरित नेपियर सुचवेल. गाईला तो चालतो, तिच्या पोटातले जंतू त्यातलं ऑक्झलेट मोडतात. घोडीला ती सोय नाही. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं आणि ते लिदेवाटे निघून जातं. रोजचा चारा म्हणून नेपियर नकोच. सरकीच्या ढेपीतही फॉस्फरस जास्त. आणि गुरांची, कोंबड्यांची तयार पेंड तर घोडीपुढे कधीच ठेवू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, त्याची थोडी मात्राही घोड्याचा जीव घेते.

आता पाणी आणि मीठ. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, मग वेगळं मीठ कशाला, असं आपण म्हणतो. पण प्रत्येक विहिरीचं पाणी वेगळं. फार खारं असेल तर घोडी कमी पिते आणि कोरड्या कडब्याने पोट धरतं. पाणी तपासून घ्या. मीठ रातीबात कालवू नका, खडा गव्हाणीत वेगळा ठेवा. तिला हवं तेवढं ती चाटेल. जस्त-तांब्याच्या पूरक पावडरीचे डबे विकायला कुणी आलं, तर आधी कॅल्शियमचा हिशेब लावा, मग त्यांचं पाहू.

आमच्या घोडीचं लंगडणं काही महिन्यांत गेलं. गालफडाचा फुगवटा पुरता बसला नाही, तो बहुधा बसत नाही. घोडी पाय चोरू लागली तर नालासोबत जबडाही दाबून पाहा. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत नेणार असाल किंवा गावातल्या डॉक्टरांकडे, रोजचा रातीब काट्यावर तोलून, कागदावर लिहून सोबत न्या.